कोण म्हणालं, कुठं, कशावरून

थांबा, हातातलं काम ठेवा, मला हे आत्ताच सांगायचंय. कुरिअरवाला जाऊन दहा मिनिटं पण झाली नाहीत, पुस्तक मांडीवर उघडं आहे आणि मी टाइप करत सुटलेय. चुका झाल्या तर समजून घ्या. वाघमारे मॅडम असत्या तर समजून घेतल्या नसत्या.

मॅडम आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मीरा रोड, तिसरा मजला. मूळच्या नांदेडच्या. मुंबईत एका शब्दकोशाच्या कचेरीत आख्खी नोकरी काढली, रिटायर होऊन आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या आणि पंधरा दिवसांत लॉकडाऊन लागला. म्हणजे मी त्यांच्या चेहऱ्याच्या आधी त्यांचा मास्क बघितला. घरी शिवलेला, जांभळा, वर बारीक पिवळी फुलं.

तेव्हा मी अकरावीत होते. खालून दूध घेऊन आले आणि जिन्यातूनच ओरडले, "मम्मी, डी विंग सील झाली!" समोरचं दार उघडलं. जांभळा मास्क.

"कोण म्हणालं?"

"वॉचमन."

"कुठं? गेटवर? तुला म्हणाला का दुसऱ्या कुणाला?"

मला वाटलं, ही बाई पोलिसातली आहे. तेवढ्यात त्यांनी गाऊनच्या खिशातून जुन्या कॅलेंडरचा कापलेला तुकडा काढला, पेन्सिल काढली आणि दाराच्या चौकटीवर धरून लिहिलं: सील. खाली माझं वाक्य, जसंच्या तसं. "जा आता," म्हणाल्या, "दूध नासंल."

ही त्यांची चिठ्ठी. वर शब्द, मग ऐकलेलं पूर्ण वाक्य, मग तीन ओळी. कोण म्हणालं, कुठं, कशावरून. कशावरून म्हणजे तो माणूस ते कसल्या परिस्थितीत बोलला. सगळ्या चिठ्ठ्या फरसाणाच्या पत्र्याच्या डब्यात. त्यांच्या जुन्या कचेरीत कोशाची नवी पुरवणी बनत होती, त्यात या साथीतले शब्द जाणार होते आणि रिटायर होऊनही मॅडम रोज ड्युटीवर. नियम एकच. तीन वेगळ्या घरांतली तीन माणसं आपणहून बोलली तरच शब्द पक्का. टीव्ही मोजायचा नाही.

"ते विलगीकरण विलगीकरण टीव्ही दिवसभर ओरडायलाय," त्या म्हणायच्या. "आपल्या मजल्यावर एक तरी माणूस म्हणलं का? त्यांना खोलीत ठेवलंय म्हणतेत."

टाळेबंदी या शब्दाची चिठ्ठी त्यांनी तरुणपणीच लिहिलेली होती, एका गिरणीच्या गेटवर उभं राहून. ती जुनी चिठ्ठी त्यांना पाठ होती. "तेव्हा टाळं लावून माणसं बाहेर ठेवायचे, लेकरा. आता टाळं लावून आत."

आणि एकदा मला विचारलं, "खालचे लोक रोगाचं नाव का घेईनात गं?" खरंच, कुणीच घेत नव्हतं. 'त्यांच्याकडे झालंय' एवढंच. काय झालंय ते नाहीच. मॅडमनी लिहून घेतलं. "भ्यालं की माणूस नाव गाळतं. जे गाळलं ते पण लिहावं लागतं."

मॅडमना शुगर होती, त्या खाली उतरायच्या नाहीत. मग मी त्यांचे पाय झाले. मेडिकलच्या लाइनीत, भाजीच्या टेम्पोजवळ, गेटवर कान लावून शब्द आणायचे. संध्याकाळी दारात दोन खुर्च्या लांब लांब ठेवून त्या वाचायच्या आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचे. इतकं भारी वाटायचं ना! आणि इथेच माती खाल्ली.

मला वाटलं, आपला पण एक शब्द असावा. मी बनवला: मास्कओळख. म्हणजे ज्याचा चेहरा आपण कधी बघितलेलाच नाही अशा माणसाशी झालेली ओळख. मस्त आहे ना? अजून पण मला आवडतो. पण तीन घरं पाहिजेत. दुसऱ्या मजल्यावरच्या रिद्धीला पढवलं. डेअरीवाल्या भैयाला पढवलं. तिसरी फिलोमिना मावशी, तारोडीहून मासे घेऊन गेटवर यायची ती. तिघं मॅडमना ऐकू जाईल असं बोलली, तीन चिठ्ठ्या झाल्या, मी टाइप केल्या आणि आख्खी फाइल कचेरीतल्या संपादक सरांना मेल पण केली.

दोन दिवसांनी मॅडमनी गॅलरीतून हाक मारली, "फिलोमिनाबाई, ते मास्कओळख तुम्ही कुठं ऐकलं हो?"

"मना काय ठाव न्हाय, बाय!" मावशी खालून ओरडली. "तुमच्या समोरची पोर बोलली, बाईंसमोर बोल, त्यांना बरा वाटंल. म्हनून बोलली. बोंबील हाय, पाठवू वर?"

मी आमच्या गॅलरीत होते. आत पळाले. पाच मिनिटांनी बेल वाजली. मॅडम ओरडतील असं वाटलेलं. त्या हळू बोलल्या.

"किती गं?"

"काय किती?"

"असल्या चिठ्ठ्या किती?"

"एकच शब्द, मॅडम. शप्पथ."

"ते मी कशावरून मानू?"

पुढे त्याच म्हणाल्या, "एक खोटी निघाली की सगळा डबा खोटा, बाई. मी शंभर खऱ्या दाखवल्या तरी सर म्हणणार, ही कशावरून?" आणि तिथेच, माझ्यासमोर फोन लावला. "सर, माझी फाइल थांबवा. त्यात खोटं गेलंय. चूक माझी, मी तपासलं नाही." माझं नाव घेतलं नाही. पलीकडून सर काहीतरी खूप वेळ बोलत होते. मॅडम नुसत्या "हो सर, बरोबर आहे सर." त्यांच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा फोन पहिलाच असणार.

मग आम्ही मी आणलेली एकेक चिठ्ठी परत तपासली. दीड महिना. इंटरकॉमवर, गॅलरीतून, फोनवर. विचारायचं मीच. "अंकल, आपने उस दिन लाइन में क्या बोला था, याद है?" लोक हसायचे, चिडायचे. जो "आठवत नाही" म्हणाला त्याची चिठ्ठी मॅडम फाडायच्या. मी रडकुंडीला यायचे, "पण मी खरंच ऐकलंय!" तर म्हणायच्या, "असंल. पण त्याला आठवंना ना? मग नाही." डबा अर्धा झाला. अर्धा डबा त्यांनी परत पाठवला. सर म्हणाले, बघू. बस्स, 'बघू'.

दुसऱ्या लाटेत आमच्याकडे झालं. पप्पांचा ऑक्सिजन खाली चाललेला, मम्मी एका फोनवर, काका दुसऱ्या, सगळीकडे तेच, नाहीये, नाहीये. दुपारी भाईंदरच्या एका हॉस्पिटलमधून फोन आला. मी दार उघडून धावले आणि मॅडमचं दार दोन्ही हातांनी बडवलं, "मॅडम, पप्पांना बेड मिळाला!" त्यांनी मला आत ओढलं आणि गच्च धरलं. अंतरबिंतर सगळं विसरून. त्यांनी मास्क लावलाच नव्हता. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा बघितला. हनुवटीवर हिरवं गोंदण होतं.

पप्पा घरी आले. मॅडम नंतर नांदेडला भावाकडे गेल्या. निघताना मी विचारलं, "माझ्यावर अजून राग आहे का?"

"राग कशाचा, लेकरा? तू शब्द घडवाय निघालीस, मी मोजाय बसले होते. कामं वेगळी. फक्त माझ्या डब्यात तुझं काम नको होतं."

आणि आज, कुरिअर. पुरवणी छापून आलीय! मॅडमनी पाठवलीय. मी आधी म उघडला, खोटं कशाला बोलू. मास्क आहे. मास्कओळख नाही. जोरात हसले. मग दिसलं की ब च्या पानांत कॅलेंडरचा तुकडा खुणेला ठेवलाय.

'बेड मिळणे.' अर्थ दिलाय, रुग्णालयात जागा मिळणे. साथीच्या काळात, जीव वाचेल अशी आशा वाटणे. आणि पुढे उदाहरण: "पप्पांना बेड मिळाला!"

माझं वाक्य. छापलेलं. उद्गारचिन्हासकट.

त्या तुकड्यावर पेन्सिलीने आणखी दोन घरांची नावं आहेत, नियम म्हणजे नियम. त्यातल्या एका घरातले आजोबा बेड मिळूनही परत आले नव्हते, मला माहितीये. आणि सगळ्यात वर: कोण म्हणालं, प्राची, समोरची. कुठं, माझ्या दारात. कशावरून, पायात चप्पल नव्हती.

मला तर हे माहीतच नव्हतं, की मी अनवाणी होते.

तुमचं असं कधी झालंय का? भीतीत नाहीतर आनंदात तोंडातून गेलेलं तुमचं एखादं वाक्य कुणीतरी जपून ठेवलेलं सापडलंय? सांगा ना. नुसतं 'हो' नको पण. कुठं, कुणापाशी, आणि कशावरून, सगळं लिहा.