चर्चापानावरचे मास्तर

माझी ओळ अकरा दिवस पानावर तशीच राहिली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एरवी ती दुसऱ्या दिवशी उडालेली असायची, नाहीतर तिच्या शेवटी चौकोनी कंसात ‘संदर्भ हवा’ हे दोन शब्द चिकटलेले असायचे. मला वाटलं, म्हातारा थकला, मी जिंकले. बाराव्या दिवशी गोंदियाच्या बसस्टँडवर कुणीतरी बाकावर टाकून गेलेल्या पेपरात चार ओळींची जाहिरात दिसली. गोरेगावचे निवृत्त स्टेशनमास्तर रहांगडाले यांची तेरवी, उद्या. मी तारखा जुळवल्या. ज्या दिवशी सकाळी ते गेले, त्याच दिवशी दुपारी मी ती ओळ परत टाकली होती... ज्यांच्यावर मात करायची म्हणून टाकली, ते तोवर नव्हतेच.

ही ओळ एका इतिहासकाराच्या चरित्रात होती. कुणीही लिहू शकेल आणि कुणीही दुरुस्त करू शकेल अशा इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात त्यांच्यावर एक पान आहे. त्यांचं नाव इथे देत नाही. ते आजही आहेत, खूप म्हातारे झालेत. आमच्या भागाच्या इतिहासावरच्या त्यांच्या जाडजूड ग्रंथात म्हटलंय, की इथली गावं वसवली ती माळव्यातून आलेल्या पोवार शेतकऱ्यांनी, म्हणजे त्यांच्याच जातीनं. जंगलपट्टीतल्या गोंडांचा इथल्या जमिनीवर कधी हक्कच नव्हता. पुरावा म्हणून एका जुन्या सनदेची नक्कल छापलीय. मूळ सनद त्यांनी आजवर कुणाला दाखवलेली नाही. मी दरेकशाजवळच्या गावातली, गोंडांच्या घरातली, मडावींची मुलगी. कॉलेजात असताना ते पुस्तक हातात आलं आणि डोकं पेटलं. ज्ञानकोशात ‘ठिणगी’ या नावानं खातं उघडलं आणि त्यांच्या चरित्रात पहिलीच ओळ लिहिली: ‘ही सनद त्यांनी स्वतःच बनवून घेतली होती.’

माझी खात्री होती. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. तेंदूपत्त्याच्या दराची, वनजमिनीच्या पट्ट्यांची, मोर्चाला चला म्हणणारी. बाबा ती लिहायचे, छापून आणायचे आणि बाजारात, फलाटावर वाटायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. सनद बनावट असल्याचं मी लहानपणीच बाबांच्या पत्रकात वाचलं होतं. त्यामुळे ‘धिक्कार असो’ आणि ‘सिद्ध झाले आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला फार उशिरा कळलं.

ओळ उडवणाऱ्याचं नाव ‘लूपलाइन’ असं होतं. प्रत्येक पानामागे लेखकांनी आपसात बोलायचं एक चर्चापान असतं. तिथे आम्ही वर्षभर भांडलो. मी परिच्छेदच्या परिच्छेद लिहायचे, ते दोन वाक्यांत उत्तर द्यायचे. एकदा मी भर चर्चेत विचारलं, तुम्ही त्यांच्या जातीचे आहात का? उत्तर आलं: ‘हो. गोरेगावला राहतो. मंगळवारी घरी असतो. येऊन भांडावे.’

गेले. दार उघडणारा माणूस बनियनवर होता आणि हातात सोललेला लसूण होता.

“तू ठिणगी होय? मले वाटलं, नागपूरचा कोणी मिशावाला पोरगा असन!”

“मला वाटलं, तुम्ही पुण्याचे प्रोफेसर.”

“प्रोफेसर?” ते आतल्या खोलीकडे वळून ओरडले, “आयकलं का वं? मॅट्रिकले दोन खेप बसलो त्याचा प्रोफेसर झाला!”

त्यांची नोकरीची शेवटची बरीच वर्षं दरेकशाच्या छोट्या स्टेशनात गेली होती. मुलानं दिलेल्या कॉम्प्युटरवर ते एका बोटानं मराठी टाइप करायचे. चहा पिता पिता मी नाव-गाव सांगितलं आणि पुन्हा सुरू झाले. ज्यानं सनद कुणाला दाखवली नाही, त्यानं ती बनवलीच असणार.

“दाखवली नाही, हे खरं. ते लिव, मीच संदर्भ देतो,” मास्तर म्हणाले. “बनवली, हे कोणी पाह्यलं?”

“म्हणजे तुम्ही त्यालाच वाचवणार.”

“त्याले कायले वाचवू? मी पान वाचवून राहिलो, बाई.”

मला ते मिळमिळीत वाटलं. ‘सनद अभ्यासकांना पाहू दिली नाही’ या वाक्यानं कुणाचं रक्त तापतं? मी पुरावा शोधत राहिले आणि एके दिवशी तो सापडला. एका दैनिकाच्या पुरवणीत त्या इतिहासकारावर लेख आला होता आणि त्यात स्पष्ट छापलं होतं, की सनद त्यांनीच बनवून घेतली. मी ओळीपुढे त्या लेखाचा संदर्भ जोडला आणि चर्चापानावर लिहिलं, ‘आता बोला.’ पुढच्या मंगळवारी मी विजयाचे पेढे घ्यायला जावं तशी गोरेगावला गेले, तर मास्तरांनी स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारीशेजारी मांडून ठेवल्या होत्या. एकीत माझं वाक्य, दुसरीत पुरवणीतलं. शब्दन् शब्द तेच. तारीख माझी आधीची.

“त्यानं तुह्यावरून उतरवलं, अन् तू त्याले साक्षीदार केलं,” ते म्हणाले. मग त्यांनी मला गाडी कशी सोडतात ते सांगितलं. पुढच्या स्टेशनाचा मास्तर फोनवर एक आकडा सांगतो. त्या आकड्यांचा कागद त्याच्याजवळ असतो, आपल्याजवळ नसतो. तो आकडा वहीत लिहिल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही, कारण पुढची लाइन मोकळी आहे हे आपल्याला दिसत नसतं, त्याला दिसतं. “कंटाळा आला, पाऊस हाय, फोन लागून नाही राहिला, म्हणून मनातलाच आकडा लिवला अन् गाडी सोडली, तं काय होईन? बहुतेक खेपी काहीच नाही होत. तेच तं खराब हाय.”

मला कळलं होतं. पण कबूल करायचं तर हरावं लागलं असतं. मी पर्स उचलली आणि म्हणाले, “तुमच्या लोकांनी आमच्या जमिनींबद्दल काहीही छापलं तर ते ग्रंथ. आम्ही एक ओळ लिहिली तर आकडा मागता.” मास्तर एरवी टोमण्याला टोमणा देत. त्या दिवशी नुसतं खोकले, आणि दारापर्यंत सोडायला आले. ती शेवटची भेट... त्यानंतर ते ओळ काढायचे, मी टाकायचे. एवढंच आमचं बोलणं उरलं.

तेरवीला गेले. जेवणाच्या पंगतीत शेजारी एक तरुण शिक्षक होते. मी काय करते, कुठली, असं विचारून झाल्यावर, मी दरेकशाकडची म्हणून मला बरं वाटावं अशा आवाजात ते म्हणाले, “तुमच्याकडच्या इतिहासाचा घोळच केला हो त्या माणसानं. सनद त्यानं स्वतःच बनवून घेतली होती, ठाऊक आहे ना?” मी विचारलं, कुठे वाचलंत? म्हणाले, “सगळीकडेच आहे. स्पर्धा परीक्षेच्या गाइडातपण आहे.” माझंच वाक्य, परक्या माणसाच्या तोंडून, ज्यांनी ते वर्षभर अडवलं त्यांच्याच तेरवीला.

पंगती उठल्यावर मास्तरांच्या पत्नीनं, काकूंनी, आत बोलावलं आणि एक फाइल हातात दिली. तिच्यात बाबांची पत्रकं होती, वर्षानुवर्षांची. दरेकशाच्या फलाटावर बाबांनी वाटलेली. प्रत्येकावर मास्तरांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं तारीख, गाडी आणि ‘हस्ते: मडावी’. सनदेचं पत्रकही होतं. माझी ओळ त्याच्या तळाशी छापलेली होती आणि पेन्सिलीनं तिच्याखाली रेघ होती.

“त्यांना माहीत होतं?” मी विचारलं.

“तू पहिल्या खेपी घरी आली, त्या दिवसापासून,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, मंग सांगून टाका ना तिले, कायले बोटं दुखवता? तं म्हणत, बाप हाय तिचा. भर पानावर त्याचं नाव मी कायले काढू? इचारन तीच घरी जाऊन.”

घरी आल्यावर मी त्या पानाचा सगळा इतिहास पहिल्यापासून वाचून काढला. कुणी काय टाकलं, काय काढलं, सगळं तिथे तारखेनिशी राहतं. लूपलाइन यांनी सगळ्यात आधी काढलेली ओळ माझी नव्हती. माझ्या कितीतरी आधी कुणीतरी लिहिलं होतं, की पोवारांनीच या रानाचं सोनं केलं. त्यापुढे त्यांचा शेरा होता: ‘माझ्या आजोबांच्या गावाबद्दल आहे. वाचून बरे वाटले. संदर्भ नाही. काढत आहे.’ ज्या माणसाला मी जात विचारली होती, तो हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात सुंभ वळत बसले होते. मी पत्रक त्यांच्यापुढे धरलं.

“बाबा, सनद त्यानंच बनवली, हे तुमाले कोणं सांगतलं?”

“कोणं सांगतलं म्हणजे?” त्यांनी पत्रक लांब धरून वाचलं आणि हसले. “अवं, हे तं प्रेसमंधी लिवलं. प्रेसवाला म्हणे, मडावी, खाली दोन ओळीची जागा उरली, काही द्या. म्या उभ्या उभ्या लिवून देलं.”

“म्हणजे ठाऊक नोहोतं?”

“खरंच असन ना! मंग दाखवत काऊन नाही तो?” माझा चेहरा पाहून ते थांबले. “आता कायले उकरून राहिली तू?”

मी सगळं सांगितलं. पुरवणी, गाइड, पंगतीतला शिक्षक, फाइल. बाबांचे हात थांबले होते. ज्या माणसानं आयुष्यभर वनखात्याच्या साहेबांना कागद दाखवा, कागद दाखवा म्हणून भंडावून सोडलं, तो आता माझ्याकडे बघत नव्हता.

“माहं नाव टाकशीन तेथी?”

“टाकावं लागन.”

ते उठून आत गेले. तिसऱ्या दिवशी, मी भाकरी थापत असताना, पाठीमागून म्हणाले, “पुरं लिवजो. जागा उरली होती, हेही लिवजो. अर्धं नको.”

मी ओळ काढली. चर्चापानावर ठिणगी या नावाखाली माझं खरं नाव लिहिलं, बाबांचं लिहिलं, प्रेसमधली रिकामी जागा लिहिली, पुरवणीनं माझ्यावरूनच उतरवलं ते लिहिलं. पानावर त्या जागी मास्तरांनी सुचवलेलं वाक्य ठेवलं: सनद अभ्यासकांना पाहू दिली नाही. आता वाचताना ते मिळमिळीत वाटत नाही. त्या इतिहासकाराला उत्तर देता येणार नाही असं तेवढंच एक वाक्य आमच्याजवळ आहे.

संध्याकाळपर्यंत माझी ओळ परत आली होती. ‘वणवा’ नावाच्या कुण्या नव्या सदस्यानं ती टाकली होती, खाली गाइडाचा आणि पुरवणीचा संदर्भ, आणि मला एक वाक्य: ‘आमचा इतिहास दडपणाऱ्यांचा धिक्कार असो.’ आवाज ओळखीचा होता, माझाच होता. माझं वय किती, हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

मास्तर जाऊन महिना झाला. मी ओळ काढते, वणवा टाकतो. त्याला कितीदा समजावलं, पटत नाही. मलाही नव्हतं पटलं. परवा मी बाबांना विचारून चर्चापानावर लिहिलं: ‘ही ओळ ज्यांनी पहिल्यांदा लिहिली ते जिवंत आहेत आणि भेटतील. दरेकशाला उतरून कुणालाही मडावींचं घर विचारावे. येऊन भांडावे.’

अजून कुणी आलेलं नाही. पण बाबा दुपारची गाडी येऊन गेली की सदरा घालून अंगणात खाट टाकतात, दुसरी खाट समोर ठेवतात, आणि वाटेकडे बघत मनातल्या मनात त्या दोन ओळींचं काय सांगायचं, ते जुळवत बसतात.