मळ्याबाहेरच्या वहाणा

मामाजी, म्हणजे माझे सासरे, एखाद्या वेळी विसरून देवळात वहाणांसकट शिरले असते, पण पानमळ्यात कधीच नाही. लग्न होऊन मी शिरपूरला आले आणि दुसऱ्याच सकाळी माहेरच्या कोऱ्या वहाणा घालून कौतुकानं मळा बघायला गेले. मामाजी आतूनच ओरडले, "सूनबाई, वहाना बाहीर! पानमळा हाये हा, वावर नाही." साऱ्या मजुरांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. आमचा मळा म्हणजे कडब्याच्या कुडांनी चारी बाजूंनी झाकलेला तुकडा. आत शेवरीची सावली, शेवरीवर चढलेल्या पानवेली आणि कायम ओले पाट. बाहेर वैशाख पेटलेला असला तरी आत श्रावण असायचा. मालेगावच्या बाजाराला पानांच्या करंड्या इथूनच जायच्या आणि आमचं घरही त्यांच्यावरच चालायचं.

पण ही हिरवळ फुकटची नव्हती. दर वर्षी वेली उतरवायच्या, वेटोळं करून बुडाशी पुरायच्या आणि वर तळ्यातला गाळ, शेणखत, पेंडीची ढेप घालायची. गाळाच्या गाड्या रित्या करता करता घरातल्या प्रत्येकाची कंबर गेली. संध्याकाळी ताटावर बसलं की मामाजींचा पहिला प्रश्न, "जमिनीले वाढलं का?" कोणी "उद्या" म्हटलं की त्यांचा घास हातातच राहायचा. मला फार राग यायचा. आम्हाला कधी कोणी इतक्या मायेनं विचारलं नव्हतं.

जमीनही आमच्यासारखीच थकली होती. पानं लहान पडू लागली, मग बुडं काळी होऊन वेली उभ्या वाळायला लागल्या. असं झालं की पानमळेवाले धडधाकट वेलींचं बेणं काढून दुसऱ्या जमिनीत जातात. माझे यजमान वडिलांना तेच सांगत होते.

"बाबा, वरच्या तुकड्यात जाऊ. बेनं हाये तवरच. सारे वेल मेल्यावर काय लावता?"

"माय म्हातारी झाली म्हनून कोनी बदलते काय? तिले भूक लागली हाये, बस."

आणि मामाजींनी आणखी ढेप घातली, आणखी पाणी सोडलं. अजीर्ण झालेल्या माणसाला आग्रहानं वाढत राहावं, तशातला प्रकार. वेलींची मर पसरतच गेली. मामाजी रिकाम्या शेवरींखाली बसून राहायचे, तेव्हा माझा सगळा राग जायचा. शेवटी विहिरीकडची एक ओळ तेवढी हिरवी राहिली.

एका सकाळी मामाजी विळा घेऊन त्या ओळीपाशी बसले. बेणं कापलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि मुलाच्या हातात दिलं.

"ने वरच्या तुकड्यात. मी नाही येत. अन् या जमिनीले आता काई वाढू नका. निजू द्या तिले."

यजमान बेणं घेऊन गेले. मामाजी मळ्याच्या दाराशी आले, तिथं काढून ठेवलेल्या वहाणा त्यांनी पायात घातल्या आणि तसेच पुन्हा आत शिरले. वाळल्या वेलींतून चालत मधोमध जाऊन उभे राहिले. मी सवयीनं माझ्या वहाणा दाराशी काढल्या आणि त्यांच्याकडे निघाले. त्यांनी मागं वळून माझ्या पायांकडे बघितलं.

"वहाना घाल, सूनबाई," ते हळूच म्हणाले. "वावर हाये हे आता. काटा रुतन."