खुर्चीवरचा रुमाल

आमच्या गावात खुर्चीवर रुमाल टाकला की ती जागा आपली. काल संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये गावातल्याच एका मुलीचं पहिलं जाहीर गाणं होतं. मी पहिल्या रांगेत रुमाल टाकला आणि घरी आलो. आपल्याकडे वेळेवर काय सुरू होणार! तोवर मोबाइलवर पुण्यातली एक मैफल लावली आणि तिच्यातच रमलो.

परत गेलो तेव्हा गाणं संपत आलं होतं. हॉल गच्च भरलेला, मागे माणसं भिंतीला टेकून उभी, आणि पुढे माझी एकटी खुर्ची रिकामी. शेजारच्या काकूही गुडघा चोळत उभ्याच होत्या.

"अहो काकू, बसायचं ना तिथे," मी पुटपुटलो.

"तुमचा रुमाल होता ना. म्हटलं, तुम्हाला गाण्यातलं कळतं, यालच."

'गावात काही होत नाही' हे माझं नेहमीचं रडगाणं. होत होतं, तेव्हा मी कुठे होतो? ती पोर तर अख्खी संध्याकाळ माझ्या रुमालासमोर गायली होती.

वाकून पुढे गेलो, रुमाल उचलला, तेवढ्यात गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, पण हातात रुमाल होता, आवाजच आला नाही.