पायी मामा

ये गं मंगल, अशी जवळ सरक. आईचे दिवस झाले आणि दुसऱ्याच सकाळी तू पुण्याची गाडी धरलीस. शेजारच्या या काकूजवळ घटकाभर बसली नाहीस, शोभलं का तुला? बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून लिहिते. चार लोक वाचतील, तर वाचू देत.

तुझी आई शकू आणि मी, इथल्या मंगळवार पेठेत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना चाळीस वर्षं राहिलो. मी अक्षरं जुळवत स्तोत्रं शिकले आणि संध्याकाळी गल्लीतल्या बायकांना शिकवू लागले. शकूला वाचता येत नव्हतं, ती ऐकून म्हणायची. 'पाहि माम्' आलं, म्हणजे देवा, मला सांभाळ, की ही मोठ्यानं म्हणायची 'पायी मामा', आणि पाटावरनं वाकून जमिनीला डोकं टेकायची.

तुझं लग्न झालं त्या वर्षी मी तिला सगळ्यांसमोर थांबवलं. "शके, मामा न्हाय गं, माम्. देवाला मामा करतीस व्हय?" बायका पोट धरून हसल्या. एक म्हणाली, "मग मामी कुठं हाय?" शकूपण हसली. पण त्यानंतर तिचा आवाज आला नाही. रोज यायची, पाटावर बसायची, नुसते ओठ हलवायची. मला वाटलं, सुधारली...

शेवटी दवाखान्यात मी तिचा हात धरून बसले होते. म्हणाली, "बापामागं गडहिंग्लजच्या मामानं सांभाळलं मला. त्यो गेला तवा मंगल पोटात, जाता आलं न्हाय. पाया पडायचं ऱ्हायलं. म्हनून रोज पडत हुतो की मी." मग विचारलं, "आता मामा म्हनलं तर चालंल?"

मी काय म्हणाले सांगू? "देवाचं नीट म्हणावं, शके." तोंडातून गेलंच. इतक्या वर्षांची खोड. तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी गेली.

माझा अजूनही एकसुद्धा शब्द चुकत नाही. त्याचं काय करू? शिकवणं बंद केलंय. तिचा पाट देवापुढं तसाच आहे. संध्याकाळी त्याच्याकडे बघत 'पायी मामा' म्हणून बघते, पण ती ते 'मामा' कसं लांबवायची तेच आठवत नाही. हसण्याच्या नादात नीट ऐकलंच नव्हतं... तू तर तिच्या मांडीवर बसून ऐकलंयस. लवकर ये. त्या पाटावर बस आणि ती म्हणायची तसंच म्हणून दाखव. मी मध्ये बोलणार नाही.