धुतलेले हात

माझ्या आईला हात धुवायला शिकवत होते. आमच्याच अंगणात. शिकवणारी सोनल, माझ्याच वर्गातली. तिने आईचा हात मनगटाला धरून बादलीवर आणला होता आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने सांगत होती, "मावशी, आधी पाणी. मग साबण. मग बोटांच्या मधे." आई मान हलवत होती. गावातल्या बाया पदर तोंडावर घेऊन हसत होत्या. मी शेजारी तांब्या धरून उभी.

आमच्या शाळेच्या मॅडमनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. मला म्हणाल्या, "तू तिकडे हो ना. त्या बायकांच्यात. विद्यार्थी वेगळे दिसले पाहिजेत."

माझ्या अंगावर गणवेश होता. सोनलच्या अंगावर होता तोच. मी तांब्या खाली ठेवला आणि बायांमध्ये जाऊन उभी राहिले. फोटो निघाला.

हे सगळं काय होतं ते सांगते. उरणच्या बाजूला बंदराचं काम निघालं तेव्हा आमच्या खाडीकाठच्या गावाची जमीन गेली. बंदरासाठी इंजिनियर आले, काही मुंबईचे, काही परदेशी. त्यांच्यासाठी कॉलनी झाली आणि त्यांच्या पोरांसाठी शाळा. शाळेचं मैदान जिथे आहे तिथे आमचं भाताचं शेत होतं. म्हणून गावातलं एखादं पोर घ्यायचं असं ठरलं. मी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाले होते. मला घेतलं.

त्या शाळेत अकरावी-बारावी नव्हती. त्याऐवजी परदेशी डिप्लोमा होता. पेपर बाहेरून यायचे, तपासायला बाहेर जायचे. विषय भरपूर, वर एक लांबलचक निबंध, वर प्रयोग. एक तास तर असा होता की आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, याचीच चर्चा. मला तो अभ्यास आवडायचा. खोटं कशाला बोलू? इंग्रजीत अडखळायचे, तरी आवडायचा. आई मिठागरावरून आलेल्या बाबांना सांगायची, "पोरगी जगाची परीक्षा देते." गावात मिरवायची ती. हा डिप्लोमा मिळाला की कुठलंही कॉलेज दार उघडतं, असं मुख्याध्यापक बोलले होते. नाही मिळाला तर काय, ते कोणी बोललं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

डिप्लोम्याला एक अट होती. समाजसेवा. कितीही मार्क पडोत, सेवा पुरी झाल्याची मॅडमची सही नसेल तर डिप्लोमा नाही.

आमच्या शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. तिला दिसायचं नाही. गावाच्या टोकाला असलेल्या बावीवरून, म्हणजे विहिरीवरून, तिचं पाणी मी लहान असल्यापासून भरत होते. ते मी मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, प्रेमाने हसल्या.

"अगं, ते घरचं काम. सेवा म्हणजे जे आपले नाहीत त्यांच्यासाठी करायचं."

"मग मी कोणासाठी करू?"

त्यांनी विचार केला. म्हणाल्या, "तू असं कर. सोनलच्या ग्रुपला तुझ्या गावात घेऊन चल. तिथली भाषा तुला येते. दुभाषी हो. तीच तुझी सेवा."

अशी मी त्यांना गावात घेऊन गेले. स्वच्छतेचा उपक्रम. जीपमधून आले. सोबत साबण, चित्रांचे तक्ते आणि पाण्याचा मोठा कॅन. कॅन का? तर गावात त्या आटत आलेल्या बावीशिवाय पाणी नाही, हे त्यांना माहीत होतं. कॉलनीचा पाइप आमच्या बांधावरून गेला होता. जाड, काळा. पोरं त्याच्यावर बसून खेळायची. त्यातला थेंब आमचा नव्हता. कॉलनीत त्या पाण्यावर बागा फुलल्या होत्या. आणि तेच पाणी कॅनमध्ये भरून आम्हाला हात धुवायला शिकवायला आणलं होतं.

फोटो झाल्यावर कॅनमध्ये बरंच पाणी उरलं. एका बाईने हंडा पुढे केला. मॅडम म्हणाल्या, "अहो नको, ते डेमोसाठी आहे. अजून दोन गावं करायचीत." हे मला आमच्या बोलीत सांगावं लागलं. दुभाषी होते ना मी. बाईने हंडा कडेवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मॅडमकडे नाही. माझ्याकडे.

मी कोणाच्या बाजूने बोलतेय, ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मग डिप्लोम्याच्या मुख्य ऑफिसातून तपासायला एक गोऱ्या बाई येणार असं ठरलं. त्यांना गावातला उपक्रम प्रत्यक्ष दाखवायचा होता. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आईलाच घेऊ. त्या लाजत नाहीत."

आईला सांगितलं तर ती खूश. पोरीच्या शाळेचे मोठे लोक घरी येणार. त्या दिवशी ती खाडीवर गेलीच नाही. ठेवणीतलं लुगडं नेसली. अर्धा हंडा पाणी खर्चून, बाबांचा अंगाचा साबण लावून तिने हात धुतले. खाडीच्या चिखलात चिंबोऱ्या धरून धरून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यातलं काळं कधी निघायचं नाही. त्या दिवशी तिने ते नारळाच्या शेंडीने घासून काढलं. हात लाल झाले होते.

जीप आली. मॅडम आधी उतरल्या, गोऱ्या बाई मागच्या गाडीत होत्या. मॅडमनी आईचे हात बघितले आणि कपाळाला आठी घातली. मला बाजूला घेतलं.

"अगं, हे काय? आता दाखवायचं काय? आईला सांग, पटकन जरा माती लावून ये म्हणावं. टेन्शन नको, दोन मिनिटांचं काम आहे."

मी आईच्या हातांकडे बघितलं.

"सांग ना."

"नाही सांगणार."

मॅडम ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "बघ हं. सही माझी लागते. तुझ्याच भल्यासाठी सांगते."

आईला आमच्या बोलीशिवाय काही कळत नाही असं सगळे समजायचे. मॅडम मराठीतच बोलत होत्या की. आईने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे न बघता घरामागे गेली. खाडीचा खारा ओहोळ होता तिथे. परत आली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. ठेवणीतल्या लुगड्याला लागू नये म्हणून लांब धरलेले.

मी काही करू शकले नाही. धावले नाही, अडवलं नाही. नुसती बघत उभी राहिले.

गोऱ्या बाई आल्या. सोनलने आईचं मनगट धरलं. आधी पाणी. मग साबण. मग बोटांच्या मधे. चिखल गेला आणि खालचे लाल, घासलेले हात वर आले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोऱ्या बाईंनी मला इंग्रजीत विचारलं, तुझ्या आईला काय वाटतं?

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "सांग, बरा वाटला."

मी इंग्रजीत सांगितलं. "ती म्हणते, बरं वाटलं. हे तिचं झालं. आता माझं सांगते. तिचे हात धुतलेलेच होते. तुम्हाला दाखवण्यासाठी तिला चिखल लावायला लावला. आमच्याकडे हात धुवायची अक्कल आहे. पाणी नाही. पाणी त्या पाइपात आहे." आणि बोट दाखवलं.

एकही शब्द अडखळला नाही.

गोऱ्या बाईंनी मॅडमकडे बघितलं. मॅडम हसून म्हणाल्या, ती जरा हळवी आहे. गोऱ्या बाईंनीही मान हलवली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गाडीत जाऊन बसल्या. कॅन जीपमध्ये चढला. गेले. बस. एवढंच झालं.

सही मिळाली नाही. "सेवावृत्ती नाही," असं मॅडमनी मुख्याध्यापकांना सांगितलं. पेपर मी सगळे दिले. चांगले गेले, मार्कही पडले. डिप्लोमा नाही. आणि बारावी केली नव्हती, म्हणून बारावीही नाही. दोन वर्षं जगाची परीक्षा दिली आणि हातात उरली दहावी. सोनल परदेशी शिकायला गेली.

मला वाटलं होतं, आई पोटाशी धरेल. तिने धरलं नाही. निकाल कळला त्या दिवशी चुलीपुढून ती उठलीसुद्धा नाही.

"हात माजे होते," म्हणाली. "चिखल मी लावला. मना लाज वाटली नाय का? वाटली. पन तुज्यासाटी गिलली. तुना तेवढा सोसवला नाय?"

तिने आपली लाज गिळून माझ्यासाठी काही विकत घेतलं होतं आणि मी ते सगळ्यांसमोर ओतून टाकलं होतं, असं तिच्या हिशेबाने होतं. तिचा हिशेब चुकीचा नव्हता. ह्याचाच मला आजही संताप येतो. आईने चिखलात हात घालावेत तेव्हा लेकीला शिक्षण मिळणार, ही व्यवस्था कोणाची? आणि भांडण लागतं ते आई-लेकीत. मॅडमच्या घरी त्या रात्री कोणी कोणाशी भांडलं नसेल.

जूनमध्ये मी उरणच्या कॉलेजात अकरावीला नाव घातलं. पुन्हा पहिल्यापासून. वर्गातली पोरं माझ्याहून लहान. दुसऱ्या बाकावर बसले आणि तिथेच मनाशी ठरवलं. माझ्या माणसाचे हात मळवून जे मिळतं ते मला नको. डिप्लोमा असो, नोकरी असो, आणखी काही असो. आणि कोणाच्या तोंडचं मी यापुढे गावाला सांगणार नाही. माझं असेल तेच बोलेन, ज्याला ऐकायचं नाही त्याच्या तोंडावर बोलेन. आईला हे पटलेलं नाही. तिला पटेपर्यंत मी थांबणार नाही.