चित्राशिवाय चाललेली पावलं

दादरच्या हिंदमाता मार्केटातल्या साडीदुकानात मी साडी कानाला लावून बघायचे. गादीवर बसायचं, घडी उलगडायची, पदर दोन मुठींत धरून एकमेकांवर घासायचा आणि डोळे मिटून ऐकायचं. पहिल्या खेपेला दुकानदाराला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. "ताई, रंग तरी बघा," तो म्हणाला. मी म्हटलं, "रंगाचं मला काय करायचंय? ही बोलतच नाही." पुढे पुढे तो स्वतःच माझ्यासाठी एखादी बाजूला काढून ठेवायचा आणि मी दिसले की ओरडायचा, "या, फार बडबडी साडी आलीय!"

या साड्या मी नेसायचे नाही, वाजवायचे. सिनेमातली बाई उठली, वळली, जिना उतरली, की तिच्या साडीची सळसळ, बांगड्यांची किणकिण आणि पावलं, हे सगळं मी करायचे. शूटिंगच्या गोंगाटात असले बारीक आवाज धड येत नसत. मग ते नंतर स्टुडिओत, पडद्यावर चित्र बघत, नव्याने भरावे लागत. काळाचौकीतल्या आमच्या चाळीत मी सांगायचे, "मी सिनेमात चालते." शेजारणी सिनेमा बघून यायच्या आणि माझ्यावरच डाफरायच्या, "तू तर कुठे दिसलीच नाहीस!" त्यांना समजावता समजावता मी थकले आणि शेवटी नाद सोडला.

दादरच्या ज्या स्टुडिओत मी उमेदीची वर्षं काढली, तिथे जमिनीचे चौकोन पाडलेले होते. एकात संगमरवर, एकात शहाबादी फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात वाळू, एकात खडी. समोर पडदा, मध्ये माइक आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. सिनेमा तेव्हा खरोखर फिल्मवर असायचा. प्रोजेक्टरवर रीळ चढायचं, नायिका चालू लागायची आणि मी तिच्याबरोबर जागच्या जागी चालू लागायचे. शेजारी एकजण नायकाचे बूट घालून उभा, दुसरा दारं आणि कड्याकुलपं सांभाळायला. सगळ्यांचे आवाज एकत्रच रेकॉर्ड व्हायचे, त्यामुळे एकाचं चुकलं की सगळ्यांचं वाया. रीळ मागे घ्या, पुन्हा चढवा, पुन्हा चाला. शेवटच्या पायरीवर चुकणाऱ्याला काय काय ऐकावं लागायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं बरंचसं मीच ऐकवलेलं आहे.

मला हे काम एका वयस्कर बाईंनी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता, चित्राशिवाय पाऊल टाकायचं नाही. सुरुवातीला मी पडद्यावर नायिकेचे पाय शोधायचे. त्या म्हणायच्या, "पाय काय बघतेस? पाय तर कितीदा दिसतच नाहीत. खांदे बघ तिचे." आणि खरंच, खांद्यांवरून सगळं कळायचं. बाई रुसून चाललीय की घाबरून, कुणी आपल्याला थांबवावं असं तिला वाटतंय की नको, हे खांद्यांवर दिसायचं आणि माझ्या टाचेत उतरायचं. बाई म्हणायच्या, कुणाची पावलं वाजवतेस ते समोर दिसायला हवं, नाहीतर ती नुसती आपटाआपटी. हा नियम मी कित्येक वर्षं पाळला आणि एकदाच मोडला.

काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट गिरगावातला होता, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायचा. कानाचा फार तिखट. लहानपणी मी मोरीच्या कठड्यावरून पडले होते, तेव्हापासून माझं डावं पाऊल टेकताना किंचित घासतं. हे डॉक्टरांच्याही कधी लक्षात आलं नव्हतं, त्याने पहिल्या तासात ओळखलं. "ताई, डावा घासतोय," तो आतून सांगायचा, आणि मी डावा सांभाळायचे. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. माझं तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं तो सगळ्यात आधी संपवायचा आणि त्याच्या घरचं वालाचं बिरडं माझ्याकडे सरकवायचा. मला भाऊ नव्हता. ती जागा त्याने न विचारता घेतली आणि मीही आनंदाने घेऊ दिली.

मग कॉम्प्युटर आला. रीळ गेलं, प्रोजेक्टर गेला, तो चालवणारा माणूसही एक दिवस दिसेनासा झाला. आता प्रत्येक आवाजाला आपापला ट्रॅक. नायकाचे बूट वाजवणाऱ्याला आणि मला एकाच वेळी उभं राहायची गरज उरली नाही. माझं पाऊल जरा उशिरा पडलं तर रेकॉर्डिस्ट ते माउसने उचलून जागेवर ठेवायचा. पहिल्यांदा त्याने हे करून दाखवलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या! दिवसभराची पायपीट वाचली म्हणून त्याला भजी आणि चहा माझ्याकडून. आज ते आठवलं की मला माझीच कीव येते. जे पाऊल उचलून दोन बोटं पुढे ठेवता येतं, ते उचलून दुसऱ्या सिनेमात नेऊनही ठेवता येईल, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नाही. मी भजी खात होते.

काही वर्षांनी, हातात फारसं काम नव्हतं अशा दिवसांत, त्याने मला बोलावलं. "ताई, तुझ्या सगळ्या चाली एकदा जपून ठेवू या. उद्या आपण नसू, पण काम राहील. सगळ्या फरश्या, सगळ्या चपला, नीट घेऊ."

मी चपलांची पिशवी घेऊन गेले. पडदा कोरा होता. मी विचारलं, "चित्र कुठाय?"

"चित्र नाही गं. नुसती चाल दे. हळू, घाईत, रागात, दमलेली, घाबरलेली. मी सांगतो तशी."

मी घुटमळले. शिकवणाऱ्या बाई आता हयात नव्हत्या, पण त्यांचा आवाज कानात होता. कुणाची पावलं वाजवायची तेच ठाऊक नाही, मग वाजवायचं काय? पण समोर ताई म्हणणारा माणूस होता, आणि आपलं काम कुणाला तरी जपावंसं वाटतंय याचं मला अप्रूप होतं. मी चालले. तीन दिवस चालले, कोऱ्या पडद्याकडे बघत. संगमरवरावर रागात, फळ्यांवर दमून, खडीवर घाबरून. त्या तीन दिवसांत त्याने मला डाव्या पायाबद्दल एकदाही टोकलं नाही. मला वाटलं, माझी चाल जशी आहे तशीच त्याला ठेवायचीय. घरी येऊन नवऱ्याला मी हे कौतुकाने सांगितलंसुद्धा.

त्यानंतर बोलावणी कमी होत गेली आणि मग बंदच झाली. मी फोन केला की तो म्हणायचा, "ताई, हल्ली कामच नाही गं. शूटिंगच्या वेळीच सगळं रेकॉर्ड होतं. नवीन माइक आलेत, मुंगीचं पाऊलसुद्धा पकडतात." मी विश्वास ठेवला. न ठेवायला कारणच नव्हतं. जग बदलतं, आपली पाळी संपते, असं मी मनाला समजावलं. चपलांची पिशवी माळ्यावर टाकली आणि नवऱ्याबरोबर सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारू लागले. तिथेही पुढच्या बाईच्या बुटांचा आवाज ऐकत चालायचे. सवय कुठली जातेय?

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी मुलीने टीव्हीवर एक वेबसिरीज लावली. नवरा कोलंबी सोलत होता, मी पाठमोरी चपात्या लाटत होते. सिरीजमधली कुणी बाई घरातल्या घरात चालत होती. टक, टक, आणि मग एक बारीकशी घासण. माझं लाटणं थांबलं. पुन्हा टक, टक, घासण.

कोलंबीवरून मान वर करून नवरा त्याच्या मालवणीत म्हणाला, "अगो, ही तुझीच चाल मा?"

इतकी वर्षं चाळीच्या गॅलरीतून मी येताना तो ती ऐकत आला होता. त्याला कोण फसवणार! मुलीला सांगून मी तो भाग मागे घेतला, पुन्हा ऐकला. माझीच. मग सिरीजमधली सून आली, तीही माझ्याच पायांनी. मग सासू आली, मग कामवाली. एका घरातल्या चार बाया आणि चौघींची डावी टाच एकाच मोरीवरून पडलेली. मुलगी हसून लोटपोट झाली. "आई, तू तर अख्खं खानदान आहेस!" मीही हसले. मग सुनेच्या रडण्याचा प्रसंग आला. ती पोरगी खांदे पाडून, पाय ओढत दाराकडे जात होती आणि खाली माझी रागातली चाल टणाटण वाजत होती. कुणीतरी यादीतून हाताला लागेल ती उचलून डकवली होती. तिच्या खांद्यांकडे कुणी बघितलंच नव्हतं. त्या क्षणी माझं हसू गेलं. मला लाज वाटली, जणू मीच त्या मुलीचं रडणं बिघडवलं होतं.

पुढचे काही आठवडे मी वेड्यासारखी ऐकत सुटले. सिनेमात, मालिकांत, सोन्याच्या दुकानाच्या जाहिरातीत. सगळीकडे मी चालत होते आणि घरी बसून होते.

शेवटी मी त्या रेकॉर्डिस्टकडे गेले. आता त्याचा स्टुडिओ परळला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. एकच खोली, जमिनीवर गालिचा. फरशीचे चौकोन नाहीत, वाळू नाही, चालायला जागाच नाही. मला बघून तो उठून उभा राहिला. "ताई! ये, ये, बस. चहा सांगू?"

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो नाकबूल करेल, सारवासारव करेल, अशी माझी तयारी होती. त्याने तसं काही केलं नाही.

"हो गं. तुझ्या चालींची लायब्ररी केलीय ना. देशभर वापरतात. आता तर मशीन तुझ्या चालींवरून नव्या चालीसुद्धा तयार करतं. चित्र दाखवलं की आपलं आपण पावलं टाकतं."

"मला विचारलंस?"

"ताई, तूच चाललीस ना? मी कुठे ढकललं तुला?"

"जपून ठेवू म्हणाला होतास."

"मग जपूनच ठेवल्यात! हे बघ." त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. भली मोठी यादी होती. बाई, चप्पल, संगमरवर, हळू. बाई, चप्पल, खडी, घाबरलेली. बाई, अनवाणी, फळी, दमलेली. माझं नाव कुठेच नव्हतं. नावाचं दुःख मला नव्हतं, नाव आमचं आधीही कधी धड येत नसे.

"काम नाही म्हणून सांगत राहिलास," मी म्हटलं. "काम होतं. सगळं काम मीच करत होते, फक्त मला न बोलावता. असं का केलंस रे? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते."

 समजूत काढावी तशा सुरात तो म्हणाला, "ताई, तू उगाच मनाला लावून घेतेस. ऐक तरी, किती सुंदर आल्यात." आणि तो एकेक चाल वाजवू लागला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखर अभिमान होता. मला वाईट वाटेल हे त्याच्या मनातही आलेलं नव्हतं. मी स्क्रीनकडे बघत राहिले. यादी सरकत गेली आणि खालच्या टोकाला एका ओळीवर माझी नजर अडकली. बाई, जिना, घाईत, आनंदात.

"ही मी दिलेली नाही," मी म्हटलं. त्या तीन दिवसांत त्याने माझ्याकडे आनंद मागितलाच नव्हता.

त्याने ती वाजवली. लाकडी जिन्यावर चपला धावत होत्या. बांगड्या, प्लास्टिकच्या पिशवीची चुरचुर, धाप, आणि डावा पाय मन मानेल तसा घासत होता. सांभाळायचं भान त्या बाईला नव्हतं. मला कळायला दोन पायऱ्या पुरल्या. मुलीचा बारावीचा निकाल लागला होता तो दिवस. नवरा ऑफिसात, म्हणून पेढे घेऊन मी आधी याच्याकडे, दादरच्या स्टुडिओत धावले होते. नवऱ्याच्याही आधी. जिन्याचा कसला तरी आवाज घ्यायला त्याने माइक बाहेर लावला होता. मला बघून तो खुर्चीतून उठला होता, दोन पेढे एकदम तोंडात घातले होते आणि त्याचे डोळे भरून आले होते. ती गोष्ट त्या तीन दिवसांच्याही कितीतरी आधीची. वरच्या पायरीवर पोचून मी ओरडले होते, "अरे, पास झाली रे!" मी त्या ओरडण्याची वाट बघत बसले. ते आलं नाही. तेवढं त्याने कापून टाकलं होतं.

"कळलं ना कुठली?" तो म्हणाला. "सगळ्यात जास्त हीच वापरतात लोक, ताई. असं मुद्दाम मागून मिळत नाही."