ठोकळे आणि मागची सीट

ह्यांच्या हातून स्क्रू पडतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. एका शिंपीणबाईंच्या घरी आम्ही मशीन उघडून बसलो होतो. बॉबिनजवळचा तो स्क्रू म्हणजे जेमतेम चिमटीत मावेल एवढा. ह्यांनी धरला आणि तो निसटून थेट पलंगाखाली गेला. मी लोहचुंबक फिरवून काढून दिला. परत पडला. मग परत. ती बाई बिचारी म्हणाली, "काका, आधी चहा घ्या, मग बघू." हे नुसती बोटांची उघडझाप करत बसले. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बोटं माझी वाटतच नाहीत गं." स्क्रू शेवटी मीच बसवला.

हा माणूस शिलाई मशीन दुरुस्त करतो. दुसरं म्हणाल तर काही येत नाही. घरातला नळ गळायला लागला की शेजाऱ्यांना हाक मारावी लागते. चहा केला तर साखर घालायची राहते, आणि ते आपण सांगेपर्यंत ह्यांना कळत नाही. पण मशीनपुढे बसले की बघत राहावं. टेबलाला उजवा कान लावतात, मला चाक फिरवायला सांगतात, डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "हं, इथे दुखतंय होय?" मशीनशी ज्या मायेने बोलतात, त्याच्या निम्म्या मायेने माझ्याशी बोलले असते तर माझा पारा इतक्या वेळा चढला नसता.

उजवाच कान, कारण डावा गेलाय. तरुणपणी सूतगिरणीत होते, तिथल्या धडधडाटाने घेतला तो. म्हणून तर मी बरोबर असते. म्हणजे काम माझंही आहेच. मी शिवणकाम करणारी. मशीन जोडून झालं की चिंधीवर शिवण मारून बघायची ती मी. हे विचारणार, "टाका कसा आहे?" आणि जसा असेल तसा मी सांगणार. सुटतोय तर सुटतोय, ओढतोय तर ओढतोय. तोंडदेखलं बोलायचं नाही, हा आमचा लग्नानंतरचा पहिला करार. मी "बरोबर" म्हणेपर्यंत हे उठत नाहीत. कधी कधी भुकेने जीव जातो, तरी खोटं "बरोबर" मी आजवर म्हटलेलं नाही.

आमची मोटारसायकल जुनी, काळी. बाजूला हत्यारांची पेटी, पुढे हे, मागे मी, दोन्हीकडे पाय टाकून. हे ताडमाड उंच आणि गाडीचं हँडल खाली, त्यामुळे चालवताना पार वाकलेले. सगळा भार तळहातांवर. हेल्मेटमधून बोललेलं काही ऐकू येत नाही, त्यात डावा कान असा. म्हणून आमची थापांची भाषा आहे. डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे डावीकडून कोणीतरी येतंय. दोन म्हणजे हळू. पाठीत गुद्दा म्हणजे थांबा. लोक हसतात, म्हणतात, "काकू, भर रस्त्यात मारता काय हो काकांना?" मारते तर मारते! हे वाकलेले असतात म्हणून ह्यांच्या खांद्यावरून मला सगळा रस्ता दिसतो, आणि त्या रस्त्याची डावी बाजू माझी.

स्क्रू पडला त्याच आठवड्यात मी ह्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मनगटं वाकवून बघितली, बोटांना टोचून बघितलं. म्हणाल्या, "इथली नस दाबली जातेय. रोज असा भार टाकत राहिलात तर बोटं कायमची बधिर होतील. गाडी सोडा, नाहीतर गाडीवर बसायची पद्धत तरी बदला." मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "विकून टाका ना, आई. लोक मशीन घरी आणून देतील." कोण आणून देणार? ती लोखंडी धुडं उचलायला दोन माणसं लागतात. गाडी गेली की काम गेलं, आणि बोटं गेली तरी काम गेलं. आणि काम गेल्यावर हा माणूस करणार काय? मला रात्रंदिवस तीच एक काळजी लागली. हे मात्र जेवताना बोटं एकमेकांवर घासत बसायचे, झालं.

आमच्या गॅरेजवाल्याला सगळे सायलेन्सर म्हणतात, कारण तो कधी गप्प बसत नाही. त्याच्याकडे हवा भरायला गेलो होतो. मीच रडगाणं गायलं. तो म्हणाला, "काकू, एवढंच ना? काकांना हँडलपर्यंत पोचवता येत नसेल तर हँडल काकांपर्यंत आणू." आणि आतून दोन ॲल्युमिनियमचे ठोकळे घेऊन आला. त्यांना रायझर म्हणतात. हँडल जिथे घट्ट धरलेलं असतं, त्या पकडीखाली ते बसवायचे आणि लांब बोल्टने आवळायचं. हँडल तेवढंच वर येतं आणि थोडं मागेही.

ह्यांना त्याने उभ्या गाडीवर बसवलं. "पाठ ताठ. डोळे मिटा. आता हात असे पुढे करा, जसे आपोआप जातील तसे." हे लहान मुलासारखे डोळे मिटून, हवेत हात धरून बसले. हात हँडलच्या केवढे तरी वर! इतकी वर्षं हा माणूस रोज तेवढा वाकत होता आणि मला कधी सुचलं नाही. सायलेन्सरने मग ठोकळ्यांची सगळ्यात उंच जोडी निवडली. बसवून झाल्यावर गाडी जागेवरच चालू करून त्याने हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, तर गाडी आपोआप घूं करून रेस झाली. मी किंचाळलेच. तो म्हणाला, "घाबरू नका, रेसची केबल आखूड पडतेय. हे न बघता जे पळतात ना, ते भिंतीत जातात." लांब केबल घातली, क्लचची तार दुसऱ्या वाटेने फिरवली, ब्रेकची नळी ताणत नाही ना ते बघितलं, पुन्हा दोन्हीकडे हँडल वळवलं. आता गाडी शहाण्यासारखी चालली. त्याचा तोंडाचा पट्टा या सगळ्यात एकदाही थांबला नाही, पण हात काय चालतो त्याचा! मी त्याला तिथेच सांगितलं, "बाबा रे, तुझे उपकार फिटायचे नाहीत."

आणि खरंच गुण आला. थोड्याच दिवसांत हे परत त्याच शिंपीणबाईंच्या मशीनपुढे बसले आणि तो हट्टी स्क्रू ह्यांनी एका झटक्यात बसवला. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं काही डोंगर उचलला. सुईत दोरासुद्धा स्वतः ओवला. मला इतका आनंद झाला की मी त्या बाईंच्या घरात रडले. म्हटलं, देवा, तुझे, डॉक्टरीणबाईंचे, सायलेन्सरचे, कोणाकोणाचे म्हणून आभार मानू.

फक्त एक झालं. मला रस्ता दिसेना.

हे आता ताठ बसायला लागले ना! माझ्यापुढे नुसती पाठ. वर बघितलं तर हेल्मेट, खाली बघितलं तर पट्टा. बाजूने वाकून बघायला गेले की गाडी डोलायची आणि हे म्हणायचे, "हलू नकोस." एका वळणावर डावीकडून सायकलची घंटी ऐकू आली, पण सायकल कुठे आहे ते कळेना. मी थाप मारली ती उशिरा. ह्यांनी ब्रेक दाबला, सायकलवाली मुलगी चाकाला चाटून गेली. लागलं कोणालाच नाही. तिने जाता जाता चार शब्द सुनावले, ते बरोबरच होते. हे म्हणाले, "आज उशीर झाला गं तुला." मी म्हटलं, "डोळा लागला होता."

डोळा लागला होता म्हणे! एरवी मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारी मी, पण ही गोष्ट माझ्या तोंडून निघेना. बोलले असते तर हे त्याच दिवशी ठोकळे काढून परत वाकून बसले असते, याची मला खात्री होती. आणि मग ती बोटं? नाही, नाही. मी ठरवलं की मीच उतरायचं. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "माझ्याकडे शिवायला खूप आलंय. तुम्ही एकटे जात जा." हे दारातून वळले. "टाका कोण बघणार?" म्हणाले. म्हटलं, "ज्याचं मशीन तो बघेल."

गेले एकटे. मी खिडकीत. दिवसभर मशीनवर बसले, एक धड शिवण झाली नाही. बाहेर कुठे हॉर्न वाजला की डावीकडचाच वाटायचा. ह्यांना यायला उशीर झाला की जीव टांगणीला, आणि आले की मी उगाच खेकसायची, "बूट बाहेर काढा!" असे बरेच दिवस गेले. हे रोज उशिरा यायचे. कुठे होतात विचारलं तर म्हणायचे, "काम होतं." आणि माझ्या शिवायच्या कपड्यांकडे बघायचे, जे काही वाढत नव्हते की कमी होत नव्हते.

मग एका दुपारी ह्यांचा फोन आला. "गॅरेजवर ये." बस, एवढंच. मी तशीच चपला अडकवून धावले.

गाडी मधोमध उभी होती. ठोकळे जागेवर होते, हँडल तसंच उंच. पण मागची सीट, माझी सीट, चांगली वीतभर वर आली होती. जाड, नवी, काळ्या रेक्झिनची.

मी काही विचारायच्या आत सायलेन्सर सुटला. "काकू, सांगू नको म्हणाले होते, पण आता सांगतोच. तुम्ही घरी राहिलात त्या पहिल्याच दिवशी काका परत आले इथे. म्हणाले, ती कारण नसताना यायची थांबणार नाही. तू पुढे बस, मी मागे बसतो. मग मी पुढे बसलो, ताठ, आणि ते तुमच्या जागेवर बसले, तुमच्याएवढे होण्यासाठी अंग चोरून. मान इकडे-तिकडे करून बघितलं. मग म्हणाले, इथून काही दिसत नाही रे. ती बिचारी काय करत असेल? मी म्हटलं, ठोकळे काढू का? तर म्हणाले, खुळा आहेस का, बोटांसाठी ती स्वतः उतरलीये. तिलाच वर घेऊ. फोम मी कापून दिला. पण कव्हर? म्हटलं, काकूंकडून शिवून आणा. तर नाही! त्या शिंपीणबाईंकडे रोज संध्याकाळी बसून स्वतः शिवलंय. सुयांवर सुया मोडल्या. ती बाई हसून हसून वेडी झाली."

आयुष्यभर लोकांची मशीनं चालती करणारा हा माणूस, पण ह्यांनी कधी रुमालाची कडसुद्धा शिवली नव्हती. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आपल्या बोटांकडे बघत होते. मग मान वर करून नेहमीच्याच आवाजात विचारलं, "टाका कसा आहे?"

मी चष्मा लावला आणि वाकून बघितलं. काळ्या रेक्झिनवर लाल दोरा. शिवण कडेने निघालेली, मध्येच आत शिरलेली, परत बाहेर आलेली. एका कोपऱ्यात टाक्यावर टाका चढलेला. करार तो करार.

"वाकडा आहे," मी म्हटलं.

"उसवून परत घालू का?"

"हात तर लावून बघा!" मी अशी ओरडले की सायलेन्सरसुद्धा गप्प झाला.

मग हे पुढे बसले, मी हेल्मेट घातलं आणि सायलेन्सरचा हात धरून वर चढले. ह्यांच्या खांद्यावरून गॅरेजचं फाटक दिसलं, त्यापुढचा रस्ता, वळण, वळणावरचं दुकान, सगळं दिसलं. ह्यांनी गाडी चालू केली. मी डाव्या खांद्यावर एक थाप मारली. ह्यांनी लगेच मान वळवून बघितलं. डावीकडून काहीच येत नव्हतं. हे तसेच थोडा वेळ बघत राहिले, मग हसले आणि गाडी पुढे काढली.